कर्कवॉलचे सर्कल: कळवण्याची वाट बंद होते तेव्हा

जादूगारांना मोकळे सोडावे की पहाऱ्यात ठेवावे, या वादात दोन्ही बाजूंचे लोक शेवटी एकाच शहराशी येऊन थांबतात: 'ड्रॅगन एज २' या खेळातले कर्कवॉल. मोकळीक मागणारे म्हणतात, दडपशाहीने काय झाले ते पाहा. पहारा मागणारे म्हणतात, एका जादूगाराने अख्खी चँट्री, म्हणजे शहराचे मुख्य मंदिर, माणसांसकट उडवली ते पाहा. पुरावे दोघांकडेही आहेत आणि ते खरे आहेत. म्हणूनच घोषणा बाजूला ठेवून हे प्रकरण पायरी-पायरीने तपासायला हवे. काळ ९:३१ ते ९:३७ ड्रॅगन, म्हणजे सहा वर्षे. खेळाच्या जगाच्या, म्हणजे थेडासच्या, कालगणनेत पहिला आकडा युगाचा आणि दुसरा त्या युगातल्या वर्षाचा. एक युग १०० वर्षांचे. खेळ पूर्ण केला नसेल तर शेवट पुढे उघड होणार आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. जादूचा धोका तलवारीने आटोक्यात राहत नाही. कोणीतरी वेळेत येऊन 'इथे काहीतरी बिघडले आहे' असे सांगते, तेव्हाच तो आटोक्यात राहतो. कर्कवॉलमध्ये असे सांगणाऱ्याचेच सर्वात मोठे नुकसान होत होते. बाकी सगळे तिथून घडत गेले.

यंत्रणा कागदावर कशी आहे

थेडासमध्ये जादूगार स्वप्नांच्या जगाशी, म्हणजे फेडशी, जोडलेला असतो. तिथले डीमन त्याच्यामार्फत या जगात यायला टपलेले असतात. एखाद्याने ताबा मिळवला की जादूगाराचा अ‍ॅबॉमिनेशन होतो आणि आसपासची माणसे मरतात. ही भीती अफवेवर उभी नाही. पहारा अनावश्यक आहे असे म्हणणाऱ्याने आधी या वस्तुस्थितीला उत्तर द्यायला हवे.

त्यावर चँट्रीने, म्हणजे तिथल्या धर्मसंस्थेने, सर्कल ही व्यवस्था उभी केली. मुलामध्ये जादू दिसली की त्याला सर्कलमध्ये नेतात. त्याचे थोडे रक्त काढून कुपीत भरतात. ही फिलॅक्टरी, पळून गेलेल्याचा माग तिच्यावरून काढतात. शिक्षण पुरे झाले की हॅरोइंग होते. शिकाऊ जादूगाराला लिरियम या जादुई खनिजाच्या मदतीने फेडमध्ये पाठवून डीमनसमोर उभे करतात आणि बाहेर टेम्प्लर, म्हणजे चँट्रीचे पहारेकरी योद्धे, तलवारी उपसून थांबतात. तो शुद्धीवर आला तर पूर्ण जादूगार. ताबा गेला तर तिथल्या तिथे मृत्यू. ज्याला ही परीक्षा द्यायची नाही किंवा जो ती पेलणार नाही असे वाटते, त्याला ट्रँक्विल करतात. फेडशी असलेले नाते तोडले जाते आणि कपाळावर सूर्याचा डाग दिला जातो. जादू जाते, स्वप्ने जातात, भावनाही जातात. डीमनला मग त्याच्यात शिरता येत नाही.

एक नियम पुढे फार महत्त्वाचा ठरतो. हॅरोइंग पार केलेल्या जादूगाराला ट्रँक्विल करता येत नाही, असे चँट्रीचा कायदाच सांगतो. परीक्षा दिली की ती टांगती तलवार कायमची दूर होते, हा सौदा आहे. जादूगार आयुष्यभर बंदिवास सोसतो त्याचे एक मोठे कारण हा सौदा.

सर्वात वरचे हत्यार म्हणजे राइट ऑफ अनलमेंट, अख्खे सर्कल मारून टाकण्याचा अधिकार. नेव्हारातल्या अनर्थानंतर २:८३ ग्लोरीमध्ये तो तयार झाला आणि पुढच्या सुमारे ७०० वर्षांत १७ वेळा वापरला गेला, असे मालिकेतल्या पहिल्या खेळातला कोडेक्स, म्हणजे खेळातच दिलेला माहितीकोश, सांगतो. तो नाइट-कमांडरच्या, म्हणजे तिथल्या टेम्प्लरांच्या प्रमुखाच्या, हातात नाही. नाइट-कमांडरने मागायचा आणि चँट्रीच्या त्या भागातल्या प्रमुखाने, म्हणजे ग्रँड क्लेरिकने, सर्कल सुधारण्यापलीकडे गेले आहे असे ठरवून द्यायचा. मागणारा आणि देणारा वेगळे असावेत, एवढी अक्कल मूळ रचनेत होती.

आणखी एक साखळी टेम्प्लरांच्या पायात आहे. जादू निष्प्रभ करण्याची ताकद ते लिरियम घेऊन मिळवतात, लिरियमचे व्यसन लागते आणि पुरवठा चँट्रीच्या हातात असतो. पहारेकरीसुद्धा बांधलेलाच आहे. वरिष्ठाच्या मर्जीतून उतरलेल्या टेम्प्लरचे काय होते ते पुढे येतेच.

कर्कवॉलमध्ये काय वेगळे होते

हे शहर टेव्हिंटर साम्राज्याने गुलामांच्या व्यापारासाठी बांधले. ज्या गॅलोजमध्ये गुलाम कोंडले जात, त्याच इमारतीत आता सर्कल आहे आणि टेम्प्लरांचा तळही. शतकानुशतकांच्या रक्तपाताने इथला फेड आणि जग यांच्यामधला पडदा झिजलेला आहे. म्हणजे तेवढ्याच भीतीला, तेवढ्याच रागाला इथे डीमन लवकर येतो. अशा जागी माणसे जितकी हताश ठेवाल तितका धोका वाढतो. पहारा घट्ट करण्याचा एकेक निर्णय इथे त्याच धोक्यात भर घालत होता, हे गॅलोज चालवणाऱ्यांच्या हिशेबात कधी आले नाही.

सत्तेची मांडणीही बिघडलेली होती. ९:२१ मध्ये शहराचा शासक, व्हायकाउंट पेरिन थ्रेनहोल्ड याने टेम्प्लरांना शहराबाहेर काढण्याचा प्रयत्न केला आणि तो स्वतःच तुरुंगात गेला. त्या कारवाईचे नेतृत्व मेरेडिथ स्टॅनर्डने केले आणि ती नाइट-कमांडर झाली. नवा व्हायकाउंट मार्लो डुमार तेव्हापासून तिच्या सावलीतच राज्य करत होता. ९:३४ मध्ये कुनारी या परक्या लोकांच्या हल्ल्यात तो मारला गेला. गादी रिकामी राहिली आणि मेरेडिथने ती भरू दिली नाही. ग्रँड क्लेरिक एल्थिना कोणाचीच बाजू घ्यायला तयार नव्हती. ती भली बाई होती यात शंका नाही, पण निवाडा करण्याच्या जागेवर बसलेल्या माणसाने निवाडाच करायचा नाही असे ठरवले की ज्याच्या हातात तलवार आहे त्याचीच बाजू आपोआप घेतली जाते.

कार्ल आणि एक पत्र

पहिला तडा ९:३१ च्या सुमारास दिसतो. कार्ल थेक्ला हा गॅलोजमधला पूर्ण जादूगार, हॅरोइंग पार केलेला. त्याचा मित्र अँडर्स त्याला सोडवायला रात्री चँट्रीत येतो. कार्ल पाठमोरा उभा असतो. बोलतो ते सपाट आवाजात, शब्द मोजून टाकल्यासारखे. तो वळतो तेव्हा कपाळावर सूर्याचा डाग दिसतो. टेम्प्लरांनी त्याला आमिष म्हणून तिथे उभे केलेले असते. अँडर्सच्या अंगातला जस्टिस हा आत्मा उसळून वर येतो, त्याच्या फेडच्या स्पर्शाने कार्ल काही क्षण पुन्हा कार्ल होतो आणि त्या क्षणांत तो एकच गोष्ट मागतो: हे पुन्हा उतरण्याआधी मला मारून टाक.

सौदा इथे मोडला. परीक्षा दिलेल्या माणसालाही ट्रँक्विल करता येते, हे त्या दिवसापासून गॅलोजमधल्या प्रत्येकाला कळले.

काही जण हे सगळे मेरेडिथच्या लाल लिरियमच्या तलवारीवर ढकलतात. तलवारीने तिचे डोके फिरवले, म्हणून या प्रकरणातून व्यवस्थेबद्दल काही शिकता येत नाही, असा तो युक्तिवाद. तारखा लावून पाहा. ज्या मूर्तीतून ती तलवार झाली ती डीप रोड्स या जमिनीखालच्या बोगद्यांमधून वर येण्याच्या आधी कार्लच्या कपाळावर डाग पडलेला आहे. टेम्प्लर सॅमसनची हकालपट्टीही त्याआधीची. त्याचा गुन्हा काय, तर मॅडॉक्स नावाच्या जादूगाराची प्रेमपत्रे त्याच्या प्रेयसीपर्यंत पोचवली. सॅमसन लिरियमविना लोटाउनच्या गल्लीत भीक मागत फिरतो आणि मॅडॉक्सला ट्रँक्विल केले जाते. तलवारीने वेग वाढवला एवढे खरे. दिशा आधीच ठरलेली होती.

आता गॅलोजमध्ये बसलेल्या जादूगाराच्या जागी बसून हिशेब करा. पत्र लिहिले तर ट्रँक्विल. पळालो तर ट्रँक्विल किंवा मृत्यू. रक्तजादू, म्हणजे रक्ताच्या बळावरची जादू, केली तर मृत्यू. काहीच केले नाही तरी कार्लसारखी पाळी येऊ शकते. शिक्षांमध्ये पायऱ्याच उरल्या नाहीत की सर्वात मोठा गुन्हा तुलनेने स्वस्त होतो, कारण त्यातून निदान लढायला ताकद तरी मिळते. कर्कवॉलमध्ये रक्तजादूगार एवढे का सापडतात, या नेहमीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पडद्याच्या झिजेत आहे आणि निम्मे या हिशेबात.

जे सांगायला गेले

फेनरिएलची आई अरियानी हिने मुलगा बरीच वर्षे लपवला. त्याची स्वप्ने भयंकर होत गेली तेव्हा तिने मन घट्ट करून सर्कलची मदत घ्यायचे ठरवले. मुलाला ते कळले आणि तो पळाला, तो थेट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातात. आईने नियमाप्रमाणे योग्य तेच केले होते.

एव्हेलिना ही फेरेल्डनहून निर्वासित अनाथ मुलांना घेऊन आलेली जादूगार. मुलांसाठी मदत मागायला ती आपल्या पायांनी सर्कलच्या दारात गेली. तिला आत ठेवून घेतले आणि मुले बाहेर राहिली. पुढे ती निसटली आणि अखेर अ‍ॅबॉमिनेशन झाली. दुसरी एक शिकाऊ मुलगी, एला, भुयारातून बाहेर आली ती केवळ आईला भेटायला. आपण कुठे आहोत हे आईला कोणी सांगितलेच नव्हते. तिला पकडणारा सर अ‍ॅलरिक हा सगळ्याच जादूगारांना ट्रँक्विल करावे असा प्रस्ताव मांडणारा टेम्प्लर. तो प्रस्ताव चँट्रीच्या सर्वोच्च प्रमुखाने, म्हणजे डिव्हाइनने, फेटाळला आणि मेरेडिथनेही फेटाळला, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. पण प्रस्ताव फेटाळल्यावरही अ‍ॅलरिक त्याच जागेवर, त्याच अधिकारात राहिला.

९:३७ मध्ये मेरेडिथ तीन फरारी शोधायला सांगते. एव्हेलिना त्यातली एक. ह्यूऑनने रक्तजादूसाठी स्वतःच्या बायकोचा जीव घेतला. आणि एमिल द लॉन्से, ज्याचे उभे आयुष्य भिंतीआड गेले, तो खानावळीत बसून एका मुलीवर छाप पाडण्यासाठी आपण रक्तजादूगार असल्याची बढाई मारत होता. त्याला रक्तजादू येतच नव्हती. एक खुनी, एक हताश होऊन बिघडलेली, एक निरुपद्रवी. तिघांसाठी हुकूम मात्र एकच. हे तीन कागद शेजारी ठेवले की व्यवस्थेचा दोष हाताला लागतो. धोका मोजायचे साधनच तिने टाकून दिले होते.

मेरेडिथची स्वतःची गोष्टही याच रांगेत बसते. तिची बहीण अमेलिया जादूगार होती. सर्कलमध्ये ती टिकणार नाही या भीतीने घरच्यांनी तिला लपवले. ती अ‍ॅबॉमिनेशन झाली, घरचे गेले आणि टेम्प्लरांनी तिला थांबवेपर्यंत आणखी सत्तर माणसे गेली. यातून मेरेडिथने काढलेला निष्कर्ष असा की दयेने माणसे मरतात. तिच्या दुःखाबद्दल आदर ठेवूनही आम्हाला हा निष्कर्ष अर्धवट वाटतो. घरच्यांनी अमेलियाला का लपवले? कारण कळवणे म्हणजे मुलगी गमावणे. पहिल्या खेळात रेडक्लिफची इझोल्डा आपल्या मुलाला, कॉनरला, याच कारणाने लपवते, चोरून एक फरारी जादूगार शिक्षक म्हणून ठेवते आणि गाव रात्रीच्या रात्री मुडद्यांच्या हल्ल्याखाली जाते. कर्कवॉलचा टेम्प्लर थ्रास्क, ज्याला सर्कलचे नियम पाठ आहेत, तोसुद्धा आपल्या मुलीची जादू लपवतो. ज्या अप्रशिक्षित जादूगाराच्या भीतीपोटी सर्कल उभे राहिले, तो अप्रशिक्षित जादूगार सर्कलच्याच अटींमुळे घराघरांत तयार होतो.

ओर्सिनोचा कागद

इथे जादूगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही थांबायला हवे, कारण प्रकरणातला सर्वात जड कागद त्यांच्याच नेत्याचा आहे. क्वेंटिन नावाचा रक्तजादूगार मेलेल्या बायकोची प्रतिमा पुन्हा घडवण्यासाठी शहरातल्या बायका मारत होता. ९:३४ मध्ये खेळणारा ज्या पात्राची भूमिका घेतो त्या हॉकची आई लिआंड्रा त्याची बळी ठरते. क्वेंटिनच्या अड्ड्यावर 'ओ' अशी सही असलेले पत्र सापडते. ते लिहिणारा फर्स्ट एन्चांटर ओर्सिनो, हे अगदी शेवटी कळते. त्याला त्या संशोधनाची माहिती होती आणि त्याने ती पोटात ठेवली.

याला माफी नाही. सर्कलमध्ये जादूगारांनी जादूगारांवर नजर ठेवायची, फर्स्ट एन्चांटर हे पद त्यासाठीच असते, आणि ते काम त्याने केले नाही. पण त्याने का लपवले हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती कशी करायची? क्वेंटिनचे नाव मेरेडिथला दिले असते तर एक खुनी पकडला गेला असता, आणि 'बघा, सर्कल सडले आहे' म्हणायला तिला आयता पुरावा मिळाला असता. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना मिळणार असेल तर प्रमुखच चूक झाकतो. लिआंड्रा ज्या खुन्याच्या हातून मेली तो या झाकपाकीत मोकळा राहिला.

शेवटची रात्र

क्रम असा. ओर्सिनो आणि मेरेडिथ भर रस्त्यात भांडत असतात. तिला सर्कल वरपासून खालपर्यंत झडतीखाली घ्यायचे आहे, त्याला दाद मागायला एल्थिनाकडे जायचे आहे. म्हणजे शेवटची कायदेशीर वाट अजून कोणीतरी चाचपून पाहत होते. त्याच क्षणी अँडर्स चँट्री उडवतो, एल्थिना आत असताना. त्याने जाणूनबुजून तडजोडीची शक्यता संपवली, आणि ते तो स्वतः कबूल करतो. आत प्रार्थनेला आलेल्या माणसांचा सर्कलच्या कारभाराशी काय संबंध होता? आम्ही या कृत्याला मुक्तीचा लढा म्हणणार नाही.

पण पुढचे पाऊलही तितकेच नोंदवण्यासारखे. अँडर्स कर्कवॉलच्या सर्कलचा नव्हताच. तो फेरेल्डनच्या सर्कलमधून सात वेळा पळालेला, नंतर ग्रे वॉर्डन या योद्ध्यांच्या संघात गेलेला. गुन्हेगार हाताच्या अंतरावर उभा असताना मेरेडिथ राइट ऑफ अनलमेंट जाहीर करते, तेही ज्यांनी काही केले नाही त्यांच्याविरुद्ध. अधिकार देणारी ग्रँड क्लेरिक ढिगाऱ्याखाली आहे. मागणारा आणि देणारा एकच झाला. खेळणाऱ्याने कोणतीही बाजू घेतली तरी ओर्सिनो अखेर रक्तजादूकडे वळतो आणि प्रेतांचा राक्षस होतो. मेरेडिथच्या म्हणण्याला पुरावा मिळतो, पण तो तिनेच त्या रात्री तयार केलेला.

तोच कायदा, दुसरे सर्कल

व्यवस्थाच अशी आहे, तिथे दुसरे काय होणार, असे म्हणणाऱ्यांसाठी फेरेल्डनचे उदाहरण समोर आहे. ९:३० मध्ये तिथे उल्ड्रेडच्या बंडाने अख्खे सर्कल डीमनच्या ताब्यात गेले. कर्कवॉलपेक्षा परिस्थिती कितीतरी वाईट. नाइट-कमांडर ग्रेगॉरने दारे बंद केली, राइट ऑफ अनलमेंटची मागणी पाठवली आणि उत्तराची वाट पाहत थांबला. मधल्या वेळात वॉर्डन, म्हणजे पहिल्या खेळाचा नायक, आत गेला. फर्स्ट एन्चांटर अर्व्हिंग जिवंत बाहेर आला आणि सर्कल सुरक्षित आहे असे त्याने सांगितले, तर ग्रेगॉर ते मान्य करतो. छळ सोसलेला तरुण टेम्प्लर कलन तिथे ओरडून सांगत असतो की कोणावरही विश्वास ठेवू नका, सगळ्यांना मारा. तरी ग्रेगॉर अर्व्हिंगचा शब्द धरतो.

दोन्हीकडे कायदा एकच, फिलॅक्टरी त्याच, लिरियमही तेच. फरक इतकाच की फेरेल्डनमध्ये एका बाजूचे सांगणे दुसऱ्या बाजूला ऐकू येत होते.

दुरुस्ती कुठे करता आली असती

सर्कल बंद करा हा उपाय आम्ही सुचवत नाही. हॉकचा बाप माल्कम याने आपल्या मुलीला घरी शिकवून सुरक्षित वाढवले हे खरे, पण माल्कम स्वतः कर्कवॉलच्या सर्कलमध्ये शिकलेला होता; प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असा बाप नसतो. टेव्हिंटरमध्ये जादूगार मोकळे आहेत आणि गुलाम त्यांच्या पायाखाली आहेत. कुनारींमध्ये जादूगाराला साखळी आणि शिवलेले ओठ मिळतात. पूर्ण मोकळीक आणि पूर्ण ताबा यांची अशी दोन्ही टोके या जगाने पाहिली आहेत.

पहिली दुरुस्ती ट्रँक्विलिटीच्या हुकुमाची. नाइट-कमांडर आणि फर्स्ट एन्चांटर या दोघांच्या सहीशिवाय तो निघू नये, आणि हॅरोइंग झालेल्यांची नोंदवही तळाबाहेर, ग्रँड क्लेरिककडे असावी. कार्लचे प्रकरण एवढ्यानेच अडले असते. दुसरी, घरच्यांना मुलाचा पत्ता आणि ठरलेल्या दिवशी भेट. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण एला त्यामुळेच भुयारात उतरली नसती आणि अरियानीला मुलापुढे ठेवायला काहीतरी असते. तिसरी, आपणहून येणाऱ्याला आणि वेळेत कळवणाऱ्याला सामूहिक शिक्षेतून स्पष्ट सूट. ओर्सिनोसारख्याला हे कारण पुढे करताच येऊ नये. चौथी गोष्ट टेम्प्लरांची: लिरियमचा पुरवठा नेमणुकीपासून वेगळा करायचा. वरिष्ठाविरुद्ध बोलले तर अंगात कंप सुटेपर्यंत उपाशी राहावे लागेल, हे ज्याला माहीत आहे तो साक्ष देणार नाही. थ्रास्क अखेरीस काही जादूगारांना आणि टेम्प्लरांना एकत्र करून मेरेडिथविरुद्ध उभा राहिला, पण लपून, आणि त्याच गटातल्या ग्रेसच्या हातून मेला. उघडपणे बोलायची जागा असती तर त्याला असले सोबती निवडावे लागले नसते.

गॅलोजच्या अंगणात, सर्कल रिकामे झाल्यावर, मेरेडिथ हॉकला मारायचा हुकूम देते. तेव्हा एक माणूस पुढे येतो. नाइट-कॅप्टन कलन, तोच ज्याने फेरेल्डनमध्ये सगळ्यांना मारा म्हटले होते. तो तिला बाजूला व्हायला सांगतो, तिला पदावरून दूर करत असल्याचे जाहीर करतो, आणि टेम्प्लर त्याच्या मागे उभे राहतात. हे करायला त्याने कोणाची परवानगी मागितली नाही आणि एकाही टेम्प्लरने ती विचारली नाही.